देश कोणी तोडला? गुलामाने की गुलाममालकाने?

अन्यायाविरुद्ध कोणी तोंड उघडले की त्याच्यावर ठेवायचा एक आरोप तयारच असतो. हे लोक समाजात फूट पाडतात, हे देश तोडायला निघाले आहेत! चळवळीच्या वाचकांना हा आरोप नवा नाही. पण तो आपल्याच वाट्याला आला असेही नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्यांवर नेमका हाच आरोप होता. आणि तो देश खरोखरच तुटला. १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे एकाच देशाची माणसे एकमेकांवर बंदुका रोखून उभी राहिली. सहा ते साडेसात लाख माणसे मेली. दुसऱ्या कुठल्याही युद्धात इतके अमेरिकन मेलेले नाहीत. तेव्हा तो देश तोडला कोणी, या प्रश्नाचा निकाल भावनेवर नव्हे, पुराव्यावर लावला पाहिजे. आम्ही न्यायालयात उभे राहणारे लोक आहोत. कागद पाहिल्याशिवाय आम्ही कोणाला दोषी धरत नाही. म्हणून आज कागदच उघडू या.

पहिला कागद म्हणजे १७८७ ची अमेरिकन राज्यघटना. या मूळ घटनेत 'गुलाम' हा शब्द एकदाही येत नाही. शब्द नाही, पण गुलामगिरी मात्र आहे आणि चांगली तीन ठिकाणी आहे. आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नाही, असे एक कलम. एका राज्यातून पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर तो मालकाला परत दिला पाहिजे, असे दुसरे. आणि राज्यांची लोकसंख्या मोजताना गुलाम म्हणजे पाच-तृतीयांशच्या उलट, तीन-पंचमांश माणूस धरावा, असे तिसरे. म्हणजे पाच गुलामांची तीन माणसे! गुलामाला मत नाही, पण त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याला प्रतिनिधीगृहात जादा जागा. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही तेवढेच जादा वजन. पहिल्या बारा राष्ट्राध्यक्षांपैकी दहा जणांनी आयुष्यात कधी ना कधी गुलाम बाळगले होते, हा काही योगायोग म्हणता येणार नाही.

ही कलमे कशासाठी घातली? ऐक्यासाठी. दक्षिणेकडची राज्ये संघराज्यात यावीत म्हणून. गुलामगिरी हळूहळू आपोआप संपेल, अशी अनेकांची समजूत होती. ती काही संपली नाही. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकीपासून रुई वेगळी करणारे यंत्र काढले आणि कापूस हे सोने झाले. १७९० च्या जनगणनेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ते साडेएकोणचाळीस लाख झाले. युद्धाच्या तोंडावर अमेरिकेच्या निर्यातीचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या कापसाचा होता. ज्या अन्यायातून पैसा मिळतो तो अन्याय म्हातारा होऊन मरत नाही. तो दरवर्षी अधिक धष्टपुष्ट होतो, हा या इतिहासाचा पहिला धडा आहे.

पुढे देश पश्चिमेकडे वाढू लागला आणि प्रत्येक नव्या राज्याबरोबर एकच भांडण उभे राहू लागले. हे राज्य गुलामांचे की मुक्त? १८२० मध्ये मिसुरीची तडजोड झाली. मिसुरी गुलामांचे राज्य, मेन मुक्त राज्य आणि लुईझियाना खरेदीच्या उरलेल्या प्रदेशात छत्तीस अंश तीस मिनिटे अक्षांशाची रेघ. रेघेच्या उत्तरेला गुलामगिरी नाही, दक्षिणेला चालेल. नकाशावर रेघ ओढली की प्रश्न सुटला, असे राज्यकर्त्यांना वाटले. एकाच प्रकारच्या माणसाला एका अक्षांशावर माणूस आणि दुसऱ्या अक्षांशावर जनावर ठरवणारा हा कायदा! पण त्या काळी त्याला मुत्सद्देगिरी म्हणत.

मग प्रश्न विचारणाऱ्यांची तोंडे बंद करण्याचा उद्योग सुरू झाला. १८३१ मध्ये बोस्टनहून विल्यम लॉइड गॅरिसन यांनी 'लिबरेटर' हे पत्र सुरू केले. १८३५ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन शहरात जमावाने टपाल कचेरीतून गुलामगिरीविरोधी छापील मजकुराचे गठ्ठे पळवून जाळले. १८३६ मध्ये प्रतिनिधीगृहाने नियम केला की गुलामगिरीविरुद्ध आलेला कोणताही अर्ज चर्चेला घ्यायचाच नाही. तब्बल आठ वर्षे हा नियम टिकला. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स त्याच्याशी म्हातारपणी एकहाती झुंजत राहिले, तेव्हा १८४४ मध्ये तो रद्द झाला. १८३७ मध्ये इलिनॉय राज्यातील ऑल्टन येथे एलायजा लव्हजॉय या संपादकाला छापखाना वाचवताना जमावाने गोळ्या घातल्या. दक्षिणेत अनेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हाच गुन्हा होता. अक्षराची भीती कोणाला वाटते, हे फुले-आंबेडकरांच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

देश एका दिवसात तुटत नसतो. आधी धर्मपीठे तुटली. मेथडिस्टांमध्ये १८४४ साली आणि बाप्टिस्टांमध्ये १८४५ साली उत्तर-दक्षिण अशी फाळणी झाली. बायबल तेच, देव तोच, पण गुलाम ठेवणारा मनुष्य बिशप किंवा धर्मप्रचारक होऊ शकतो का, यावर एकमत होईना. त्यानंतर पक्ष तुटले. व्हिग पक्ष १८५४ नंतर संपला, डेमोक्रॅटिक पक्ष १८६० मध्ये दोन उमेदवारांत फुटला. ज्या ज्या संस्थेने दोन्ही बाजूंना एका छपराखाली धरले होते ती एकेक करून कोसळली. सर्वांत शेवटी संघराज्य कोसळले.

या पडझडीत १८५० च्या कायद्याचा वाटा फार मोठा आहे. मेक्सिकोशी युद्ध करून अमेरिकेने प्रचंड प्रदेश मिळवला आणि पुन्हा तेच भांडण पेटले. पुन्हा तडजोड झाली. कॅलिफोर्निया मुक्त राज्य झाले आणि त्याच्या बदल्यात दक्षिणेला मिळाला पळालेल्या गुलामांचा कायदा. आमच्या वकिलीच्या दृष्टीने पाहिले तर असा निर्लज्ज कायदा विरळाच. ज्याला पळालेला गुलाम म्हणून पकडले त्याला स्वतःची साक्ष देता येत नव्हती. ज्युरी नव्हती. निर्णय देणाऱ्या आयुक्ताने त्याला मालकाच्या ताब्यात दिले तर आयुक्ताची फी १० डॉलर आणि सोडून दिले तर ५ डॉलर! गुलामाला आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. वाटेने जाणाऱ्या माणसालाही पकडापकडीत मदत करण्याचा हुकूम देता येत होता.

परिणाम काय झाला? उत्तरेकडचा जो माणूस गुलामगिरी ही दक्षिणेची भानगड समजून स्वस्थ बसला होता, त्याच्या दारात ती आली. १८५४ मध्ये अँथनी बर्न्स नावाच्या तरुणाला बोस्टनमध्ये पकडले आणि सैनिकांच्या पहाऱ्यात बंदरावर नेऊन व्हर्जिनियाला परत पाठवले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हजारो लोक उभे होते. एका माणसाला परत गुलाम करण्यासाठी सरकार फौज उभी करते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. दक्षिणेचे समर्थक आजही सांगतात की युद्ध गुलामगिरीसाठी झालेच नाही, ते राज्यांच्या हक्कांसाठी झाले. मग पळालेल्या गुलामांच्या कायद्याच्या वेळी हे हक्क कुठे गेले होते? उत्तरेकडच्या राज्यांनी आपल्या भूमीवरील माणसांना संरक्षण देणारे कायदे केले, तेव्हा याच दक्षिणेने केंद्र सरकारचा दंडा मागितला. १८५९ मध्ये विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने हा कायदा मानण्यास दिलेला नकार सर्वोच्च न्यायालयाने मोडून काढला, तेव्हा दक्षिणेला आनंदच झाला. हक्क राज्याचा नव्हता, हक्क मालकाचा होता.

१८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने मिसुरीची रेघ पुसून टाकली. तिथले रहिवासी मतदानाने ठरवतील, असे ठरले. ऐकायला किती लोकशाही! पण दुसरा माणूस विकत घेण्याचा हक्क मतपेटीतून ठरवायचा आणि ज्याला विकायचे त्यालाच मत नाही. कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंचे सशस्त्र लोक शिरले, बोगस मतदान झाले, गावे जळाली, मुडदे पडले. मे १८५६ मध्ये सिनेटर चार्ल्स समनर यांनी यावर सडेतोड भाषण केले, तर दक्षिण कॅरोलिनाच्या प्रेस्टन ब्रुक्स या प्रतिनिधीने सिनेटच्या सभागृहात येऊन त्यांना काठीने रक्तबंबाळ होईपर्यंत मारले. ब्रुक्सच्या चाहत्यांनी त्याला नव्या काठ्या भेट पाठवल्या! ज्या सभागृहात शब्दाला काठीने उत्तर मिळते, त्या सभागृहाच्या बाहेर पुढे तोफाच बोलणार.

एवढे झाल्यावरही एक आशा होती, ती न्यायालयाची. ड्रेड स्कॉट हा गुलाम आपल्या मालकाबरोबर इलिनॉय या मुक्त राज्यात आणि नंतर विस्कॉन्सिनच्या मुक्त प्रदेशात राहून आला होता. त्या वास्तव्यामुळे आपण मुक्त झालो, असा दावा त्याने आणि त्याची पत्नी हॅरिएट हिने १८४६ मध्ये सेंट लुईस येथे दाखल केला. अकरा वर्षांनी, ६ मार्च १८५७ रोजी सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी निकाल दिला. नऊ न्यायाधीशांपैकी पाच गुलामांच्या राज्यांतले होते. निकाल सात विरुद्ध दोन. आफ्रिकन वंशाचा माणूस, मग तो गुलाम असो वा मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, म्हणून त्याला या न्यायालयात येण्याचा अधिकारच नाही. आणि गुलाम ही मालमत्ता असल्यामुळे कुठल्याही प्रदेशात तिच्यावर बंदी घालण्याचा अधिकार संसदेला नाही. म्हणजे मिसुरीची तडजोडही घटनाबाह्य! न्यायमूर्ती कर्टिस यांनी विरोधी निकालपत्रात दाखवून दिले की घटना मंजूर झाली त्या काळी पाच राज्यांत मुक्त कृष्णवर्णीय मतदार होते. पण हा पुरावा बहुमताला ऐकायचा नव्हता. टॅनींना वाटले, आपण वाद कायमचा मिटवला. प्रत्यक्षात त्यांनी वाद मिटवण्याचा शेवटचा कायदेशीर दरवाजा बंद केला. न्यायालयाचा दरवाजा बंद झाला की माणसे दुसरे दरवाजे शोधतात. दोन वर्षांनी जॉन ब्राऊन यांनी हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर हल्ला केला आणि २ डिसेंबर १८५९ रोजी ते फासावर गेले.

नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन निवडून आले. त्यांना सुमारे ४० टक्के मते मिळाली. दक्षिणेतील दहा राज्यांत त्यांना मत देण्याची सोयच नव्हती. लिंकन काय म्हणत होते? जिथे गुलामगिरी आहे तिथे मी हात लावणार नाही, फक्त ती नव्या प्रदेशात पसरू देणार नाही. एवढेच. पण तेवढेही मालकांना सोसले नाही. २० डिसेंबर १८६० रोजी दक्षिण कॅरोलिना फुटून निघाले. फेब्रुवारी १८६१ च्या पहिल्याच दिवसापर्यंत सात राज्ये फुटली, पुढे ती अकरा झाली. त्यांचे जाहीरनामे आजही वाचायला मिळतात. दक्षिण कॅरोलिनाची मुख्य तक्रार ही की उत्तरेकडची राज्ये पळालेले गुलाम परत देत नाहीत. मिसिसिपीने तर आपली बाजू गुलामगिरीच्या संस्थेशी एकरूप असल्याचे सुरुवातीलाच लिहून टाकले. फुटीर राज्यांनी केलेल्या नव्या घटनेत गुलामांवरील मालकी हक्काला बाधा आणणारा कायदा करण्यास मनाई घातली गेली. आणि त्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सॅव्हाना येथे सांगितले की आमच्या नव्या सरकारचा पायाच मुळी वंशांच्या विषमतेवर आहे. याहून स्पष्ट कबुलीजबाब कुठल्या आरोपीने दिला असेल?

तरीही ऐक्यवाद्यांनी शेवटचा प्रयत्न केलाच. मार्च १८६१ च्या सुरुवातीला तिथल्या संसदेने एक घटनादुरुस्ती मंजूर करून राज्यांकडे पाठवली. कोणत्याही राज्यातील गुलामगिरीत हस्तक्षेप करण्याचा अधिकार केंद्राला कधीही देता येणार नाही, असा तिचा आशय होता. लिंकन यांनीही पहिल्या भाषणात तिला हरकत घेतली नाही. ती पुरेशा राज्यांनी मान्य केली असती तर अमेरिकेची तेरावी घटनादुरुस्ती गुलामगिरी कायम करणारी ठरली असती! १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टरवर दक्षिणेच्या तोफा धडाडल्या आणि ती योजना कागदावरच राहिली.

आता हा सगळा पुरावा एकत्र ठेवून पाहा. १७८७, १८२०, १८५०, १८५४, १८६१. दर वेळी तडजोड झाली आणि दर वेळी ती देशाच्या ऐक्यासाठी झाली. पण एकाही तडजोडीच्या बैठकीत गुलाम नव्हता. मुक्त माणसे दुसऱ्या मुक्त माणसांशी सौदा करत होती आणि किंमत तिसऱ्याच्या पाठीवर चाबकाने वसूल होत होती. देश वादामुळे तुटला नाही. वाद बोलू दिला नाही म्हणून आणि ज्याचा वाद होता त्याला पक्षकारच मानले नाही म्हणून तो तुटला. आमच्या मते दोषी तोच, ज्याने आपली मालमत्ता वाचवण्यासाठी पहिली तोफ डागली.

उत्तरेलाही आम्ही निर्दोष सोडत नाही. तिच्या गिरण्या, पेढ्या, विमा कंपन्या याच कापसावर पोसल्या होत्या. सुरुवातीला लिंकन यांचे युद्ध संघराज्य वाचवण्यासाठी होते. त्या युद्धाला मुक्तीचे युद्ध बनवले ते गुलामांनी. मे १८६१ मध्ये तीन गुलाम पळून व्हर्जिनियातील फोर्ट मन्रो या लष्करी किल्ल्यात आले. मालकाचा माणूस त्यांना परत मागायला आला. तिथले सेनापती बेंजामिन बटलर हे पेशाने वकील. त्यांनी उत्तर दिले की तुम्ही स्वतःला वेगळा देश म्हणवता, तर आमचा कायदा तुम्हाला कसा लागू? आणि तुम्ही गुलामाला मालमत्ता म्हणता व युद्धाच्या कामाला जुंपता, तर शत्रूची मालमत्ता जप्त करणे हा आमचा हक्क. मालकाचाच युक्तिवाद मालकाच्या गळ्यात! बातमी पसरली आणि हजारो स्त्री-पुरुष पायी निघाले. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा या पायांच्या मागून आला. पुढे सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या फौजेत लढले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि यांना कापून-कपात करून ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हा कमी पगार घ्यायलाच नकार दिला. १८६४ मध्ये समान वेतनाचा कायदा करावा लागला.

आणि दक्षिणेचा गरीब गोरा? फुटीर राज्यांत तीनपैकी दोनाहून अधिक गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. सक्तीच्या लष्करभरतीतून, वीस गुलामांमागे एक गोरा माणूस घरी राहू शकेल, अशी सवलत मळेवाल्यांनी मिळवली. तरी गरीब गोरा मरायला गेला. का? आपल्या खाली कोणीतरी आहे, एवढ्या एका समाधानासाठी. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेची जी मीमांसा केली, ती वाचलेल्या माणसाला हे कोडे पडत नाही.

या युद्धाचे धागे आपल्या मातीतही आले. अमेरिकेचा कापूस थांबला आणि मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांकडे पैशांचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्या त्या काळच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही आहे. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि पेढ्या बुडाल्या. पण याच युद्धाकडे पुण्यातला एक माणूस वेगळ्या नजरेने पाहत होता. युद्ध संपल्यावर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा आपला ग्रंथ, गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. मुंबईचा बाजार कापसाचा भाव मोजत होता तेव्हा जोतीरावांनी माणसाचा भाव ओळखला होता. पुढे १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला, तो याच नात्याने.

युद्धाने सगळे संपले का? नाही. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली, पण गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवला गेला. दक्षिणेने तो अपवाद पकडून कृष्णवर्णीयांना क्षुल्लक गुन्ह्यांत अडकवले आणि कैदी म्हणून मळेवाल्यांना भाड्याने दिले. १८६२ मध्ये वॉशिंग्टनच्या राजधानी प्रदेशात गुलाम मुक्त केले, तेव्हा मालकांना माणशी ३०० डॉलरपर्यंत भरपाई मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांना मात्र राबल्याबद्दल काही नाही. काही कुटुंबांना मिळालेली जमीनही राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी जुन्या मालकांना परत केली. १८७७ मध्ये उत्तर-दक्षिणेच्या नेत्यांनी आणखी एक समझोता केला, केंद्राच्या फौजेने दक्षिणेतली राखण सोडली आणि कृष्णवर्णीयांना जुन्या मालकांच्या हवाली केले. त्या बैठकीतही ते नव्हतेच. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळे डबे कायदेशीर ठरवले. शाळांतील वेगळेपणा घटनाबाह्य ठरायला १९५४ साल उजाडले. मिसिसिपीने तेरावी दुरुस्ती मान्य केली ती १९९५ मध्ये!

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमतेचे चटके बसणारे लोक ही लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील. अमेरिकेचा इतिहास जाणणाऱ्या माणसाचा तो इशारा होता. तेव्हा यापुढे कोणी ऐक्याच्या नावाने गप्प बसायला सांगितले, तर त्याला एवढेच विचारावे. हे ऐक्य कोणाकोणात ठरले? त्या बैठकीत आम्ही होतो का? आणि त्याची किंमत कोण भरणार आहे? या तीन प्रश्नांना उत्तर नसेल, तर ते ऐक्य नव्हे. ती पुढच्या लढाईची तारीख आहे.